छतावर न चढता मारलेल्या टिका

चाळिशी उलटल्यावर मी कॉलेजात गेलो, तेही कंपनीनं पाठवलं म्हणून. मस्कतमध्ये एसीचं काम करून अकरा वर्षं झाली होती. सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती आणि तिला सर्टिफिकेट लागत होतं. लीडरशिप, सरकार कसं चालतं आणि नीतिशास्त्र, तिन्हींची तोंडओळख, दर शनिवारी सकाळी. मला ती जागा एकाच कारणासाठी हवी होती. त्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळाला असता. बायको आणि मुलगी कोकणात, मी मस्कतच्या हमरिया भागात सहा जणांच्या खोलीत.

लीडरशिपच्या पहिल्या तासाला सरांनी विचारलं, तुमच्याकडे लीडर कोण? आमच्या कंपनीचे आम्ही चौघे एकदमच म्हणालो, ज्याच्याकडे पिकअपची चावी तो. वर्ग हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, अजूनही दिसत नाही.

नीतिशास्त्र शिकवायला एक तरुण ओमानी बाई होत्या, आम्ही त्यांना मिस म्हणायचो. त्यांनी निबंध दिला: कामावर तुम्ही केलेली एक चुकीची गोष्ट. दुसऱ्याची नाही, स्वतःची. बाकीच्यांनी उशिरा आलो, हेल्मेट विसरलो, असलं लिहिलं. शहाणी माणसं. मी गुरुवारबद्दल लिहिलं.

गुरुवारी आमचा आठवडा संपतो. त्या दिवशी चहा पिता पिता मेंटेनन्सच्या सगळ्या शीट भरायच्या, अशी आमच्याकडची रीत. फिल्टर धुतला का, पाणी नीट वाहतंय का, एसी बसवलेल्या छतावर न चढताच ओळीनं टिका मारायच्या की खलास. माझं अक्षर बरं, म्हणून चौघांच्याही मीच भरायचो. त्यात एक दवाखाना होता. सबंध उन्हाळाभर मी त्याच्या छतावर पाय ठेवला नव्हता आणि दर आठवड्याला फिल्टर स्वच्छ असल्याची सही ठोकली होती. खाली बाकावर लहान मुलं खोकत बसलेली असायची. त्यांच्यासमोरून जाऊन मी शीटवर शिक्का घ्यायचो. हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन पानं लिहून काढलं. लिहिताना स्वतःची लाज वाटली.

फी कंपनीची, त्यामुळे निबंध मार्कांसकट ऑफिसात गेले. आमच्या इंजिनियरसाहेबांनी, ते पुण्याचे, मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे काय लिहिलंस? अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मिसना सांग, सगळं कल्पनेतलं होतं, आणि दुसरा लिहून दे. उशिरा आल्याचा लिही."

"साहेब, मी कधी उशिरा आलेलो नाही."

"मुलीला आणायचंय ना इथं?"

माझे कान तापले. अकरा वर्षं मी खाली मान घालून टिका मारल्या, तेव्हा माझ्या मुलीची आठवण कुणाला झाली नव्हती. मी म्हटलं, "निबंध खरा आहे. दुसरा लिहिणार नाही."

संध्याकाळी बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आता आमी येवचंव नाय?"

"नाय," मी म्हटलं. दोन दिवस तिनं फोन उचलला नाही. मी तिला दोष देत नाही.

जागा आमच्यातल्याच एकाला मिळाली. माणूस वाईट नाही. पहिल्याच गुरुवारी त्यानं शीटचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "यल्ला भाई, भर दे." यल्ला म्हणजे इथल्या अरबीत चल, लाग कामाला. मी भरल्या. जिथं चढलो नव्हतो तिथं लिहिलं, 'पाहिलं नाही'. दवाखान्याच्या छतावर नऊ फिल्टर, म्हणून त्या शीटवर ते नऊ वेळा आलं. साहेबांनी शीट परत पाठवली. मी नवीन कागदावर तेच नऊ वेळा पुन्हा लिहिलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला जूनच्या उन्हात एकट्याला त्या छतावर पाठवलं. ही शिक्षा होती म्हणे. दोन दिवस लागले, पण नऊच्या नऊ फिल्टर मी धुतले. पाणी काळंकुट्ट निघालं.

मुलगी यंदा दहावीला आहे. तिची आठवी, नववी मी फोनवरच पाहिली, दहावीही तशीच जाईल. त्याचं दुःख मला रोज होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. साहेबांना अजून वाटतं, मी कधीतरी येऊन चूक झाली म्हणेन. त्यांनी खुशाल वाट पाहावी.