नाक मोकळं झाल्यावर

नाकाच्या डॉक्टरला किस्से शोधावे लागत नाहीत. तुंबलेल्या नाकांबरोबर तेही दवाखान्यात येतात! भवानी पेठेतल्या माझ्या ओपीडीत तर त्यांचा नुसता ढीग साठलाय.

*

नाकात दोन्ही बाजूंना मऊ घड्या असतात, टर्बिनेट. त्या सुजून वाढल्या की श्वासाची वाट बंद. करकंबच्या एका पाहुण्यांना म्हटलं, "ऑपरेशन करून थोड्या कमी करू."

"थोड्या कशाला? समद्याच काढा की!"

"अहो, आत जाणारी हवा त्याच तर गरम करतात."

पाहुणे विचारात पडले. "म्हंजे बंब हाय म्हना की आत!"

हल्ली मीही पेशंटना बंबच सांगतो.

*

ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा नातेवाइकांना दाखवायची आपल्याकडे पद्धत. पण मशीनने घड्या नुसत्या आकसवल्या, तर दाखवायला काही उरतच नाही. दुधनीच्या एका तूर व्यापाऱ्याच्या आईने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"कायबी काडलं न्हाय? मग इतका येळ आत काय गप्पा मारत बसला हुता?"

*

शेजारच्या किराणावाल्याचं नाक मोकळं झालं आणि काही दिवसांनी त्याची बायको तणतणत आली. "ह्यांना आता माझ्या शेंगाचटणीत लसूण लई लागतोय! इतकी वर्षं मुकाट्यानं खाल्ली की!"

"मग मी काय करू?"

"थोडं परत बुजवता येतं का?"

*

सिद्धप्पा लग्नात सनई वाजवतो. गालातली हवा फुंकत राहायची आणि त्याच वेळी नाकाने श्वास ओढायचा, तरच सूर अखंड राहतो. नाक बंद झालं, सूर तुटू लागला, लग्नाच्या सुपाऱ्या दुसरीकडे जाऊ लागल्या. श्वास संपेल तिथे धाकटा भाऊ श्रीशैल दुसऱ्या सनईने हळूच शिरायचा आणि सूर पुढे न्यायचा. त्यावरच कसंबसं निभत होतं.

फुंकणं आणि श्वास ओढणं एकदम जमतं कसं, याचं मला भारी कुतूहल. विचारलं तर सिद्धप्पा म्हणाला, "आदी नाक मोकळं करा, मंग दावतो!"

ऑपरेशन झालं, जखम भरली. दोघं भाऊ सनया घेऊन तपासणीला आले. नाक आतून छान दिसत होतं. म्हटलं, "वाजवा आता!"

सिद्धप्पाने सूर लावला. गाल फुगलेले, नाकपुड्या हलतायत, सूर चाललाय! बाहेरचे पेशंट दाराशी जमले. माझा आनंद पोटात मावेना.

श्रीशैल सनई ओठांशी धरून तयार बसला होता. बराच वेळ तसाच. मग त्याने ती मांडीवर ठेवली.

"अण्णा," तो म्हणाला, "आता मी कुटं शिरू?"