तीस किलोंत न बसलेले अध्यक्ष

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अमेरिकेचे काही अध्यक्ष गेली नऊ वर्षं सौदीतल्या अल-खोबरला, आमच्या चादरींच्या कपाटात मुक्कामाला आहेत. आज कपाट उघडलं, मेणखडूंचा वास आला आणि आमच्या लेकीची, मुक्ताची चित्रवही हाती लागली.

शाळेच्या क्विझसाठी मी तिला अध्यक्षांच्या गमती हातवारे करून सांगायचो आणि ती त्या रंगवायची. एकाच्या हिरवळीवर मेंढ्या चरताहेत. दुसरा मूळचा शिंपी, म्हणून त्याच्या गळ्यात टेप. तिसरा नदीत नागडा पोहायचा. त्याला तिने आईच्या धाकाने गळ्यापर्यंत पाण्यात बुडवलंय.

बारावीनंतर ती पुण्याला निघाली, त्या दुपारी आम्ही तिची बॅग वजनकाट्यावर उभी केली. विमानात तीस किलोच चालणार होते आणि काटा बत्तीसवर गेला.

"ती वही काढा," बायको म्हणाली. "खजूर राहू देत, आत्यांना द्यायचेत."

"अगं, अख्खी अमेरिका खाली उतरवतेयस तू!" मी गरजलो. पण वही निघाली. काटा ढिम्म. मग ब्लँकेट निघालं. तरीही बत्तीसच! मी काट्याच्या कंपनीला शिव्या घातल्या. त्या दिवशी मला वाटत होतं, मी वहीसाठी भांडतोय. आता या शांत घरात त्याच मेंढ्या बघताना माझं मलाच हसू येतं.

कारण काट्यावर वाकलेली मुक्ता अचानक ओरडली होती, "बाबा, आधी बॅगेवरचा हात काढा ना!"