पडद्याचं कापड आणि कोऱ्हाळ्यातला मांडव

गोठ्याच्या हौदात मी पडद्यांचं अख्खं कापड बुडवलं आणि आक्कांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, याड लागलंय का तुमाला? वास्तुशांतीचं कापड हाय त्ये. कोरंच पायजे!"

मी बारामतीत शिवणाचा क्लास चालवते. मनीषा माझी विद्यार्थिनी. तिचं सासर कोऱ्हाळे बुद्रुकला, उसातल्या वस्तीवर. नवा बंगला बांधून झाला होता आणि त्याचे पडदे ती घरीच शिवणार होती. आक्का तिच्या सासूबाई. त्यांची अट साधी होती. पडदे नीट झाले, तर मशीन हॉलमध्ये ठेवून बाहेरची कामं घ्यायची. बिघडले, तर मशीन पोटमाळ्यावर. मनीषाची पार घाबरगुंडी उडाली होती, म्हणून तिने मला बोलावून घेतलं.

आता पडद्याचं कापड भिजवायचं कशाला? सुती कापडाला दुकानातून आणताना खळ असते. पहिल्या पाण्यात ती निघून जाते आणि कापड आटतं. तसंच शिवलं, तर पहिल्याच धुण्यात पडदा वर चढतो. हे मी आक्कांना समजावलं.

"आमी लुगडी न्हाय भिजवली कधी," आक्का म्हणाल्या.

"आक्का, लुगडं आटलं तर एखादी निरी कमी. पडदा आटला तर रस्त्यावरून तुमच्या ताटातली भाजी दिसेल."

हे त्यांना पटलं. पण तोंडाने कबूल करतील तर त्या आक्का कसल्या!

रंगाची भीती नव्हती. आधीच एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालाने घासून बघितला होता. खरी अडचण वाळवण्याची. असं कापड पिळायचं नाही, सुरकुत्या बसतात. लोंबतं टांगायचंही नाही, पाण्याच्या वजनाने ते ओढलं जातं. सपाट पसरायचं. मनीषाचा दीर संदीप हौशी. त्याने शेडपासून नारळापर्यंत तारा ओढल्या आणि आम्ही कापड त्यांच्यावर आडवं पसरलं. कापड पिवळंधमक, त्यावर केशरी फुलं. अंगणावर छतच झालं. काय देखणं दिसत होतं!

तेवढ्यात भावकीतले तात्या मोटरसायकलवरून आले. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ओरडले, "व्हय गं आक्का, संदीपचं जमलं आन आमाला सांगावा न्हाय?"

शेती करणाऱ्या पोराला हल्ली मुलगी मिळत नाही. ट्रॅक्टर आहे, बंगला आहे, तरी संदीप तसाच. त्यामुळे वस्तीवर मांडव दिसला की लोकांना साखरपुडाच दिसणार! तात्यांनी येता येता चौघांना फोनही केले होते. थोड्या वेळात जवळच्याच माळेगावहून आक्कांची धाकटी बहीण पेढ्यांचा बॉक्स घेऊन जीपमधून उतरली. मागोमाग शेजारच्या वस्तीवरच्या बायका. एकीने तर विचारलं, "पोरगी कुठली?" संदीप जो उसात पळाला, तो दिसेचना. मी हौदाच्या कठड्यावर बसून पोट धरून हसत होते.

"हसताय काय मॅडम! हितं च्याला दूध पुरंना!" आक्का कडाडल्या.

"मग ह्यो मांडव कशाचा?" तात्यांनी विचारलं.

सगळे आक्कांकडे बघायला लागले. मनीषाचा चेहरा उतरला. भर भावकीत सासूची शोभा झाली होती. मशीन पोटमाळ्यावर गेलंच म्हणून समजा. माझंही हसू आटलं.

आक्कांनी पदर खोचला. "मांडव न्हाय त्यो. माजी सून बंगल्याचं पडदं घरी शिवतीया. कापड आदी भिजवावं लागतंय, न्हायतर आटतंय. एवढं बी कळंना व्हय तुमाला? पडदा आटला की रस्त्यावरनं ताटातली भाजी दिसती!"

माझंच वाक्य, माझ्याच देखत! मनीषा तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. मला तर इतका आनंद झाला, की आक्कांना मिठी मारावीशी वाटली. धीर झाला नाही.

कापड थोडं दमट असतानाच इस्त्री केली. मग आडवं एक सूत ओढून काढलं. तिथे सरळ रेघ उमटते, तिच्यावर कात्री चालवायची. बायका पेढे खात भोवती उभ्या होत्या. "पडद्याचं पेढं," आक्का प्रत्येकीला सांगत होत्या. बहिणीने तिथल्या तिथे मनीषाला आपल्या खिडक्यांची ऑर्डर दिली.

वास्तुशांतीला पडदे लागले. पुढे धुतले, तरी बोटभरही वर चढले नाहीत. मशीन हॉलमध्ये आहे. संदीपचं अजून जमलेलं नाही. तो अधूनमधून विचारतो, "वहिनी, परत कापड कधी भिजवताय?"

क्लासमध्ये मी आता एवढंच शिकवते: कापड भिजवा, सपाट वाळवा, दमट असताना इस्त्री करा, सूत ओढून कापा. आणि या सगळ्याआधी भावकीला फोन करा.