दोन दाखल्यांची ओदिलिया

ओदिलिया त्रेविन्योला मी बत्तीस वर्षं ओळखते. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकत्र होतो. ती शेगडीपाशी, मी वाढायला. तिच्या थोरल्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून ती मला कोमाद्रे म्हणते आणि मी तिला. असं नातं जोडलं की तोंडावर बोलायचा हक्क मिळतो. तो मी भरपूर वापरला, पण ऐकते कोण?

सकाळी शाळेत झेंड्याची प्रतिज्ञा सुरू झाली की ही बाई शेगडी बारीक करून छातीवर हात ठेवून उभी. स्वयंपाकघरात कोण बघायला येतंय?

"अगं, घेवडा लागेल खाली," मी म्हणायचे.

"लागू दे. अर्ध्या मिनिटाचं तर काम."

"अमेरिका तुला मेडल देणार आहे जणू."

"तू ढवळ ना मग, एवढी काळजी आहे तर."

रविवारी मात्र ती पुलापलीकडे, मेक्सिकोत. तिची आई दोन्या सेनाइदा, म्हणजे सेनाइदाबाई, धाकट्या मुलीकडे, लेतिसियाकडे, राहायची. आमच्या गावातून निघून नदीवरचा पूल ओलांडला की वीस मिनिटांत तिचं दार. चर्चमधली मिस्सा आटोपली की वजडीचा रस्सा, मग आईच्या केसांना तेल, मग बहिणीबहिणींची कुचकुच, आणि संध्याकाळी परत. नवरा गेल्यावर तर ओदिलिया त्या रविवारवरच जगत होती, हे मी लिहून देते.

मग पासपोर्टची मुदत संपली. तिने नव्यासाठी जुना पाठवून दिला, आणि नव्याऐवजी पत्र आलं. तुमचा जन्म टेक्सासमध्ये झाला याबद्दल शंका आहे, कारण तुमच्या नावाचा मेक्सिकोतलाही जन्मदाखला सापडला आहे, आणखी पुरावे द्या. छप्पन्न वर्षांच्या बाईला विचारतात, तू जन्मलीस कुठे! माझं तर डोकंच फिरलं.

आता तो दुसरा दाखला खरा होता, म्हणजे कागद खरा आणि मजकूर खोटा. ओदिलिया जन्मली ती इकडेच, आमच्या चर्चमागच्या गल्लीत, सुईण दोन्या लालाच्या मागच्या खोलीत, आणि पहिला दाखला तिच्याच सहीचा. पण ती सहा वर्षांची असताना बाप एलेनोचं फळं भरायच्या शेडमधलं काम सुटलं आणि कुटुंब पलीकडे गेलं. तिकडची शाळा तिकडच्या दाखल्याशिवाय घेईना. मग एलेनोने काय करावं? दोन साक्षीदार घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेला आणि पोर इथेच घरात जन्मली म्हणून लिहून आणलं. त्या काळी अर्ध्या गल्लीने हे केलंय. माझ्या सख्ख्या भावाचे दोन दाखले आहेत, पण तो पासपोर्टच्या भानगडीत पडला नाही म्हणून सुखात आहे.

एलेनो भित्रा माणूस. त्याने बायकोला समोर बसवून पढवलं होतं, "कुणीही साहेब येऊन विचारो, पोर ह्याच घरात झाली, मंगळवारी पहाटे. मी मेलो तरी हेच सांगायचं. नाहीतर पोरीचं शिक्षण बुडेल आणि मी तुरुंगात जाईन." ही गोष्ट ओदिलिया आम्हाला हसत हसत सांगायची. आई पोळ्या लाटताना ते वाक्य पाठ करायची म्हणे.

पुरावे कुठून आणायचे? दोन्या लाला कधीच वारली होती, आणि पूर्वी काही सुइणींनी पैसे घेऊन खोटे दाखले दिले म्हणून आता सगळ्याच सुइणींच्या सहीवर संशय. बाप्तिस्मा पलीकडे झालेला, कारण धर्मपिता तिकडचा. पासपोर्टवाल्यांनी तर आई गरोदर असताना पोट तपासल्याचे कागद मागितले. आमच्या आयांची पोटं कुणी तपासली होती?

पूल ओलांडून जायला कुणी अडवत नव्हतं. परत येताना अडवणार होते. इकडे तिचं घर, नोकरी, मुली, नातवंडं. चर्चमध्ये शनिवारी फुकट सल्ला द्यायला बारिएंतोस नावाचा तरुण वकील बसायचा. तो म्हणाला, जन्माच्या वेळी हजर असलेलं माणूस जिवंत आहे का? एकच होतं. आईच.

आई तोवर अंथरुणाला खिळलेली. हृदय थकलंय, डॉक्टर महिन्यांच्या हिशेबात बोलत होते. वकिलाने पलीकडचा एक नोटरी घरी पाठवायचं ठरवलं. आईने शपथेवर सांगायचं, तो लिहून घेणार.

"फक्त तिला पढवू नका," वकील म्हणाला. "पुढे चौकशी झाली तर तेच अंगाशी येईल."

मी बाहेर येऊन म्हटलं, "कोमाद्रे, सरळ फोन लाव आणि सांग, दोन्या लालाचं नाव घे म्हणून."

"नको. सगळं नियमाने होऊ दे. आई खोटं कशाला बोलेल?"

तिने फोनवर आईला एवढंच सांगितलं, "आई, एक साहेब येतील. माझ्या जन्माचं विचारतील. घाबरू नकोस, नीट सांग. तुझ्यावरच सगळं आहे." आई म्हणाली, "काळजी करू नकोस पोरी."

लेतिसिया त्या वेळी शिवणकारखान्यात होती. काय झालं ते ओदिलियाला आईनेच फोनवर सांगितलं, मी शेजारी बसले होते. आवाज खणखणीत, कितीतरी दिवसांत नव्हता असा.

"कोटातला होता गं. शिक्का होता त्याच्याकडे. गोड बोलून तीन तीन वेळा विचारलं, नक्की पलीकडे नाही ना झाली? पण मी बधले नाही. ह्याच घरात, मंगळवारी पहाटे. तुझ्या बाबांनी पढवलं होतं तस्संच सांगितलं. अंगठा दिला."

मी ओदिलियाचा हात दाबला, म्हटलं बोल काहीतरी.

"हुशार आहेस, आई," ती म्हणाली.

"मग आता देतील ना तुला कागद?"

"देतील."

"रविवारी ये मग. लेतिसियाला वजडी आणायला सांगते."

बारिएंतोसने कपाळाला हात लावला. आता आईचा जबाब बदलला तरी कोण विश्वास ठेवणार, एकाच साक्षीदाराच्या दोन गोष्टी. खुद्द जन्मदात्रीने शपथेवर सांगितलंय म्हटल्यावर तो तरी काय करणार बिचारा. मी त्याच्यावर ओरडले, उगाचच. मग ओदिलियावर ओरडले.

"निदान तिला खरं काय ते सांग. ती वाट बघत बसेल."

"काय सांगू? की आई, तूच माझा रस्ता बंद केलास? मरणाऱ्या बाईला हे सांगू?"

"मग येत का नाहीस म्हणून विचारेल ती."

"विचारू दे."

लेतिसियालाही तिने आईला काही न सांगण्याची शपथ घातली, मुलांच्या गळ्याची. मग रविवारमागून रविवार फोन. आज शाळेत कार्यक्रम आहे. आज नातीला ताप आहे. आज गुडघा धरलाय. मला ऐकवत नसे, मी उठून अंगणात जायचे. पाचव्या रविवारी आई म्हणाली, "कामात असशील तर राहू दे बाई," आणि फोन लेतिसियाकडे दिला. सातव्या रविवारी फोनवर आलीच नाही.

गुरुवारी दुपारी, मुलांची जेवणं चालू असताना, लेतिसियाचा फोन आला. आई गेली. ओदिलियाने कोठीच्या खोलीत जाऊन फोन मोठ्या आवाजावर टाकून फळीवर ठेवला. मी दार लावून घेतलं.

"त्रास झाला का तिला?" ओदिलियाने विचारलं.

"नाही ताई. झोपेतच." मग लेतिसिया रडायला लागली. "काल पाद्री आले होते. त्यांनी विचारलं, मुली किती? तर म्हणाली, एक. म्हणाली, दुसरी होती, ती ग्रिंगा झाली. पूल ओलांडायला तिला वेळ नसतो. मी तोंडापर्यंत आलेलं गिळलं गं. तुझी शपथ होती."

इकडच्या पत्रात ती मेक्सिकोची, आणि आईच्या तोंडी अमेरिकेची. मला वाटलं आता ही कोसळेल. मी खुर्ची पुढे ओढली. ती बसली नाही.

"तू सांगितलं नाहीस ना?" तिने पुन्हा विचारलं. "अगदी शेवटीसुद्धा नाही?"

"नाही ताई."

"मग झालं," ओदिलिया म्हणाली. "तिला कळलं नाही, एवढंच पाहिजे होतं."