ब्रँडी, साय आणि लोणी

जवळ सरक वं पोरी. लांबून फोनवर 'हो, हं' करतेस, अन् घरी यायचं काढलं का तुले सुटीच नसते. समोर असतीस तर कान धरला असता. नाही आहेस, म्हणून लिहून राह्यली.

हॉटेलच्या बारमध्ये पेयं बनवायची तुझी नोकरी. मी दिग्रसात सांगायची, पोरगी हॉटेलात मोठ्या हुद्द्यावर आहे. तुझे बाबा तेवढंही सांगायचे नाहीत. सारा जन्म कचेरीत गेलेला माणूस. कोणी खोदून विचारलं का पंख्याकडे पाहायचे.

शेवटची घरी आलीस त्या सुटीत तू बाटल्या साडीत गुंडाळून आणल्या. रात्रीची जेवणं झाली, ताटं उचलली, अन् तू म्हणालीस, "बाबा, हे जेवणावर घेतात. ब्रँडी, कोकोची गोड दारू अन् साय, वरून जायफळ. बासुंदीच समजा."

"बासुंदीले कायले बदनाम करतेस?" ते म्हणाले.

तरी तू सांगतच गेलीस. पुदिन्याची दारू घातली का हिरवं होते, कॉफीची घातली का तपकिरी, अन् कोणी तर सायीच्या जागी आइस्क्रीमच घालते. न चुकता पाढे म्हणताना असायचा तसा तुझा चेहरा झाला होता. बाबांनी कधीतरी तुझ्या हातचं चाखावं, एवढंच तुले पाहिजे होतं. शेवटी ते म्हणाले, "एक घोट. मग पुन्हा विषय नको."

तू फ्रिजमधून सायीचा डबा काढलास. तू घरी होतीस तेव्हा साय आठवडाभर साठायची अन् लोणी काढायच्या आदल्या दिवशी तिले विरजण लागायचं. बाबांनी निवृत्तीनंतर ते काम आपल्याकडे घेतलं, अन् ते पहिल्याच सायीत दही टाकतात. म्हणजे डब्यात विरजलेली साय होती, तुले काय माहीत. तू सारं झाकणाच्या बाटलीत घालून जोरजोरात हलवलंस. तीन ग्लासांत ओतलं तर पाणी वेगळं अन् लोण्याच्या गुठळ्या वेगळ्या.

बाबा म्हणाले, "लोणी काढायले एवढं शिकलीस का? ते तर घरीच निघते."

तू तिन्ही ग्लास मोरीत ओतलेस अन् सकाळी यवतमाळच्या एसटीत बसलीस. त्यानंतर घराचं तोंड पाह्यलं नाहीस.

एवढं तुले माहीत आहे. पुढचं मलेही आत्ता या हिवाळ्यात समजलं. बाबा ओट्याशी लोणी घुसळत होते, अन् एकदम रवी थांबवून म्हणाले, "तिनं तो डबा काढला तेव्हा मी पाहत होतो."

"मग बोलले काहून नाही?"

"वाटलं, फसू दे. फसलं का तिचा जीव त्या कामावरून उतरन, अन् गावाकडं येईन."

"आली?" मी विचारलं.

ते पुन्हा घुसळायले लागले. लोणी कधीचं वर आलं होतं, तरी घुसळतच राह्यले.

मी त्यांना पुष्कळ म्हटलं, हे तिले फोनवर सांगा. फोन हातात घेतात अन् माझ्याकडे देतात. मग मी बोलते तोवर दाराशी उभे राह्यतात. फोन ठेवला का विचारतात, "काय म्हणे?" मी म्हणते, बरी आहे म्हणे. दुसरं काय सांगू?

अन् माझंही एक राहूनच गेलं बघ. तिन्ही ग्लास तू ओतून दिलेस, त्यात एक माझा होता. तू घेशील का म्हणून मले कोणी विचारलं नव्हतं, तूही नाही. नुसता भरून ठेवला होतास. फाटलं तर फाटलं, मी चाखलं असतं. लेक काय करते ते जिभेवर तरी कळलं असतं.

बाबांच्या तोंडून माफीबिफी निघणार नाही, ते तुलेही ठाऊक आहे. पण तू समोर बसलीस का त्या डब्याचं मीच त्यांच्यापुढं बोलून टाकीन, अन् ते उठून जाणार नाहीत, एवढं मी पाहीन. त्यांचे गुडघे आता धरतात, तुझ्या शहरापर्यंत त्यांच्यानं होत नाही. तूच ये. सणावाराची वाट नको पाहूस, येत्या सुटीतच ये.