ताईच्या तीन गोगलगायी

आमच्याकडे सुट्टीच्या जेवणाची वाटणी ठरलेली होती. वर्षअखेरची आठवडाभराची सुट्टी लागली की पहिल्या रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मुख्य पदार्थ वहिनीचा, गोड माझ्या बायकोचं, ताटं आणि खुर्च्या माझ्याकडे, आणि तोंडीलावणी ताईची. ही वाटणी कोणी केली ते आठवत नाही, पण बावीस वर्षांत ती एकदाही बदलली नाही.

ताई आम्हा तिघांतली मधली. दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, मी चार वर्षांनी लहान. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिने चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस हेडबाई म्हणून. चाळीस मशीन, चाळीस बायका आणि त्यांच्यावर ताई. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, एका वेळी चाळीस जणींची कटकट सांभाळणारीला एक्केचाळिसावी कशाला हवी.

ती कामाला लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी एका मशीनची मोटर रात्रभर चालू राहिली आणि कापडाच्या ढिगाला आग लागली. जीव कोणाचा गेला नाही, पण पुढची बत्तीस वर्षं त्या हॉलमधून शेवटी बाहेर पडणारी ताईच असायची. दाराजवळ बटणांची लांबलचक रांग होती. ती तळहाताने एका झटक्यात पूर्ण रांग वर ढकलून बंद करायची आणि मगच दार लावायची. स्वतःचं दोन खोल्यांचं घर घेतलं तेव्हा वायरमनच्या मागे लागून तिने तिथेही तसंच करून घेतलं. फ्रिज सोडून घरातल्या सगळ्या जोडण्यांची बटणं बाहेरच्या दाराजवळ, एका ओळीत. वायरमन म्हणाला, बाई, हे घर आहे, गोदाम नाही. ताई म्हणाली, पैसे गोदामाचे घ्या, पण बटणं इथेच लावा.

कारखान्याच्या एका सोडतीत तिला स्लो कुकर लागला. भांडं विजेवर चालतं, पण इतक्या सावकाश की सकाळी लावलं तर दुपारी शिजतं. ताईला ते इतकं आवडलं की तिने आणखी दोन घेतले. गणवेशाच्या उरलेल्या निळ्या-करड्या कापडाची जाड रजईसारखी आवरणं शिवून तिघांना घातली. ती पुढून खाली लोंबायची आणि भांड्याचा तांबडा दिवाही झाकायची. दादाने त्यांना गोगलगायी हे नाव ठेवलं. आज सोडल्या तर पुढच्या सुट्टीला पोचतील, असं तो दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी तीन वेळा वाढून घ्यायचा.

या भांड्यांचा ताईचा एकच नियम होता. झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि शिजण्याची वेळ अर्ध्या तासाने लांबते. पोरंटोरं सोडाच, वहिनीसारखी स्वयंपाकात मुरलेली बाईसुद्धा त्या आवरणाला बोट लावायची नाही. ताईची जरब अशी की ती घरात नसली तरी ती घरात आहे असं समजून आम्ही वागायचो.

दादा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. त्याचा भाव शेवटच्या गाळ्यापर्यंत ऐकू जायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाजाची कुजबुज उरली. त्याहून वाईट गिळण्याचं झालं. अगदी मऊ तेवढंच चालायचं, तेही हनुवटी छातीला टेकवून, एका घासाला दोनदा गिळून. कधी घास नाकातून परत यायचा. आयुष्यभर चारचौघांत मिरवलेल्या माणसाला हे सोसलं नाही. तो आतल्या खोलीत दार लावून, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला. वहिनीलाही आत येऊ देईना. सुट्टीच्या जेवणाला दोन वर्षं आला नाही.

ताईने ठरवलं की या वर्षी दादा सगळ्यांबरोबर जेवणार. नोकरी संपली होती, वेळ होता. तिने महिनाभर तेच एक काम केलं. लाल भोपळा, बटाटा-गाजर आणि घेवड्याचे पांढरे दाणे हे तीन पदार्थ किती तास शिजवले म्हणजे चमचा नुसता टेकवल्यावर मोडतात, ते वहीत लिहून ठेवलं. उत्तर आलं आठ तास. बेत असा की वहिनीने या वेळी काही करायचंच नाही. त्या दिवशी सगळ्यांनी तीच तीन मऊ तोंडीलावणी खायची. वहिनीला हे पटलं नाही. पोरं उपाशी राहतील म्हणून थोडं मटण मी आणतेच, असं तिने परस्पर मला सांगितलं. ताईने दादाला मात्र एकाच वाक्यात गुंडाळलं.

“सगळ्यांच्या ताटात तेच असलं, सगळे चमच्यानेच खात असले, तर तुझ्याकडे कोण बघणार?”

नवव्या दिवशी दादाने निरोप पाठवला की ताई स्वतः न्यायला आली तर येईन.

रविवारी सकाळी सहाला ताईने तिन्ही भांडी लावली. साडेआठला दादाला आणायला निघाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, त्याची अंघोळ, औषधं, टॅक्सी, यायला एक तरी वाजणार होता. ताईच्या घराची एक किल्ली माझ्याकडे होती. मी आणि बायको अकराला पोचलो. घरात अंधारलेलं होतं. मी दाराजवळच्या रांगेतलं दिव्याचं आणि पंख्याचं बटण लावलं. बाकीची कशाची ते मला माहीत नव्हतं, आणि ताईच्या घरातल्या बटणांना आम्ही सहसा हात लावत नसू.

साडेबाराच्या सुमारास बायको म्हणाली की वास कसा येत नाही. मी म्हटलं, आवरणं जाड आहेत. थोड्या वेळाने ती म्हणाली, बघू का जरा उघडून? मी तिला नियमाची आठवण करून दिली. तेवढ्यात वहिनी आणि तिची मुलं-नातवंडं आली. वहिनीनेही ओट्याकडे एकदा रोखून पाहिलं, पण आवरणाला हात लावला नाही.

सव्वाला दादा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी घोटलेली. जिन्यात दोनदा थांबला होता. मी मधल्या खुर्चीकडे बोट दाखवलं, तर त्याने कोपऱ्यातली घेतली. दोन वाजता ताईने ताटं मांडायला सांगितली, पहिलं आवरण काढलं आणि झाकण उचललं.

वाफ आली नाही. तिने पळी घातली आणि ती बटाट्यावर टणकन वाजली. दुसरं उघडलं, भोपळा अर्धाकच्चा. घेवड्याचे दाणे तर जसे भिजवले तसेच. ताईने तिन्ही भांड्यांना तळहात लावून पाहिला. प्लग गेला वाटतं, एवढंच म्हणाली आणि गॅसवर प्रेशर कुकर चढवला. वीस मिनिटं, फक्त वीस मिनिटं, असं ती पाठमोरी राहून म्हणत होती.

त्या वीस मिनिटांतच सगळं बिघडलं. पोरांना भूक लागली होती. वहिनीने मटणाचा डबा उघडला. वाईट हेतूने नाही, तिचीही चूक म्हणता येणार नाही. ताटं भरली. दादाचं ताट तेवढं रिकामं राहिलं. तो पाण्याचा पेला हातात धरून बसला होता. आम्ही सगळे एकदम जास्त बोलायला लागलो, पावसापाण्याचं, रस्त्यांचं, काहीही.

ताईने बटाटा घाईघाईने कुस्करून वाटीत आणला. एकच वाटी, एकट्या दादासाठी. ती त्याच्यापुढे ठेवली तेव्हा सगळं टेबल गप्प झालं. जो तो आपल्या ताटात बघत होता, आणि नेमकं त्यामुळेच सगळे त्याच्याकडे बघत आहेत असं वाटत होतं. त्याने हनुवटी खाली घेतली. पहिला घास गेला. दुसऱ्यात गुठळी असावी. त्याला ठसका लागला तो थांबेना. चेहरा लालबुंद झाला, घास नाकातून आला, शर्टावर पडला. धाकट्या पोरीने खुर्ची मागे सरकवली. दादाने रुमालाने तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी घातली आणि ताईला खुणेने सांगितलं की घरी सोड.

ती लगेच उठली. एका हाताने त्याचं कोपर धरलं, चपला सरकवल्या, दार उघडलं, आणि बाहेर पडता पडता तिचा दुसरा हात आपसूक भिंतीकडे गेला आणि तळहाताने ती पूर्ण रांग वर ढकलली.

दिवा गेला. पंखा थांबला. आम्ही नऊ माणसं ताटांवर बसलेलो असताना ताईने घर बंद केलं होतं. हात बटणांवर तसाच ठेवून ती उभी राहिली. मग आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं की सकाळी साडेआठला काय झालं होतं. दादालाही. तो कुजबुजत म्हणाला, “चल. मला आज भूक नव्हतीच.”

मी उठून दिवा लावला. ताईने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ताई रोज दुपारी शहराच्या त्या टोकाला जाऊ लागली. घरून डबा न्यायची, आठ तास शिजवलेला. नोकरी असताना कधी उशीर केला नाही, तसाच इथेही केला नाही. दादा डबा घ्यायचा आणि दार लावायचा. ताई बाहेर स्टुलावर बसायची. चमच्याचा आवाज थांबला की तो दार उघडून रिकामा डबा द्यायचा, ती तो विसळून घरी यायची. वहिनी सांगायची की दोघं त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. मीही ताईकडे विषय काढला नाही. बायकोने दोनदा शंका काढली होती आणि मी दोनदा ती उडवून लावली होती, हे मात्र मी ताईला सांगायला हवं होतं. निम्मा भार तरी माझ्याकडे आला असता. ते अजून राहिलंच आहे.

चौथ्या महिन्यात दादा गेला. दहा-बारा दिवसांनी ताई माझ्याकडे आली, चहा घेतला, कप बाजूला ठेवला आणि म्हणाली की शेवटच्या आठवड्यात एके दिवशी त्याने दार पूर्ण लावलं नव्हतं. चार बोटं उघडं होतं. कडी नीट बसली नसेल असं समजून तिने स्टूल थोडं बाजूला घेतलं, म्हणजे चुकूनही आतलं दिसू नये. त्या दिवशी चमच्याचा आवाज बराच वेळ आला नाही. नंतर आला. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा नेहमीसारखं बंद होतं.

“त्याने मुद्दाम ठेवलं असेल का रे उघडं?” तिने विचारलं.

कडी जुनी आहे, असं मी म्हणालो.

“मी ढकलून बघितली ना काल,” ताई म्हणाली. “चांगली बसते.”