साठच्या कॅसेटमध्ये बसवलेला बँड

अमरावतीच्या संगीत महोत्सवात तो जुना बँड पुन्हा एकत्र वाजवणार असं कळलं, तेव्हा आनंदाआधी धास्तीच बसली.

अमरावतीच्याच कॉलेजातल्या चार मुलांचा तो सायकेडेलिक बँड. लांबच लांब गाणी, एकमेकांत विरघळणाऱ्या गिटारी आणि अचानक उंच चढणारा गायकाचा आवाज. मी त्यांना प्रत्यक्ष कधीच ऐकलं नव्हतं. बँड फुटला त्या सुमाराला अकोल्यातल्या एका दुकानातून कॅसेट भरून घेतली होती. संगीत तासाभराहून जास्त आणि कॅसेट साठ मिनिटांची. दुकानदार आधी म्हणाला, मावत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बसवलं. एरवी मी हिशेब विचारल्याशिवाय राहत नाही. तेव्हा विचारला नाही.

आता गायक पन्नाशीपलीकडचा, माझ्याच वयाचा. त्यांच्या सगळ्यात लांब गाण्यातला तो उंच सूर त्याला लागला नाही तर? लोक हसले तर?

बायको सोबत आली होती. लग्नापासून ही गाणी तिने स्वयंपाकघरातून ऐकलेली. मैदानात ती म्हणाली, "अवो, गाणार तो हाय, घाम तुमाले सुटून राहिला."

ऊन उतरताना त्यांनी तेच गाणं सुरू केलं. चाल मंद होती. आवाज खाली होता. माझ्या कॅसेटवर ते अकरा मिनिटांत संपतं. घड्याळ पाहिलं, ती वेळ उलटून गेली तरी उंच सूर यायचाच होता. अखेर तो आला, पण माझ्या ओळखीच्या जागेच्या बराच खाली. मी मान खाली घातली. लोक मात्र टाळ्या वाजवत होते.

शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ डोळे पुसत होते. मी म्हणालो, "वय झालं बिचाऱ्याचं. आवाज उतरला."

"कोन म्हनते?" ते म्हणाले. "मी याच्या बाजूच्या खोलीत राहाचो होस्टेलले. तवाही असाच गाये. घंटाभर एकच गानं, आमाले झोप येऊन जाये."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानदाराने मूळ टेप जरा जोरात पळवून भरली होती. म्हणून सगळं बसलं होतं, आणि म्हणूनच सूर तेवढा चढला होता. गायकाचं काही बिघडलं नव्हतं.

बायकोला सांगितलं.

"म्हंजे तुमाले आवडे तो आवाज याचा नोयताच?"

"याचाच. पण पळवलेला."

"मंग आता आवडून राहिला का नाई, ते सांगा ना."

तेवढ्यात दुसरं गाणं सुरू झालं. ओळखीचं होतं, तरी पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज लागेना. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि जीव मुठीत धरून ऐकत उभा राहिलो.